पोटाशी बांधलेली नळी

पन्नास सालानंतरची गोष्ट. आमच्या पाच वर्षांच्या थोरल्याला घटसर्प झाला, तेव्हा माझ्या कुशीत महिन्याची धाकटी होती. मालवणला बदलीवर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं देऊन त्याला वाचवलं, पण पडवीत वेगळं ठेवलं. तो तिथून मला हाका मारायचा.

थोरला पडवीत खेळू लागला तशी सासूबाई म्हणाल्या, "झील बरो झालो. आता घरात घेवया तेका."

"घशात अजून जंतू असले तर बाळाला लागतील, आई," बाई म्हणाल्या. "आधी बघू दे."

त्यांनी कापसाच्या काडीने त्याचा घसा पुसला आणि ती काडी काचनळीतल्या जंतूंच्या खाद्यावर फिरवली. गावात वीज नव्हती, नळी उबवायची पेटी कुठली असणार? बाईंनी बूच घट्ट लावलं, नळी फडक्यात गुंडाळली आणि पातळाच्या आत पोटाशी बांधली. मी बघतच राहिले.

"जंतूंनाही ऊब लागते," त्या हसल्या, "आपल्या पोरांसारखीच."

रात्रभर त्या तशाच निजल्या. सकाळी नळीतल्या खाद्यावर उगवलेले बारीक दाणे काचेवर घेऊन, रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. घटसर्पाचे जंतू अजून होते. सासूबाई रागावल्या, मी रडले. बाईंनी आम्हा दोघींचं ऐकून घेतलं आणि काही दिवसांनी पुन्हा नळी बांधली.

त्यांचं नाव आता आठवत नाही. परक्या लेकरासाठी असलं जहर पोटाशी घेऊन निजणारं माणूस मात्र मी पुन्हा पाहिलं नाही.

शेवटच्या तपासणीनंतर त्या पडवीत गेल्या, थोरल्याला उचललं आणि माझ्या मांडीवर आणून बसवलं.