दोन ते चार ओटा बंद

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या नुसत्या खोकण्यावरून माझं बिनसलेलं कळतं.

मी आर्किटेक्ट. इंदूरला बडा गणपतीजवळ मी अकरा घरांची इमारत बांधली. एकाही घरात स्वयंपाकघर नाही. खाली सगळ्यांचं मिळून एकच. मधोमध गोल ओटा — भिंतीकडे तोंड करून कुणी एकटं राबू नये म्हणून. कामं पाळीनं, पुरुषांनाही. लोक हसले. ‘भिया, हे घर आहे का भंडारा?’ पण आम्ही तिथेच राहायला गेलो, आणि चाललं की छान! दारावर माझ्याच अक्षरात पाटी होती: दोन ते चार ओटा बंद. बंद करण्याची पाळी ज्याची, त्याचं नाव शेजारच्या खुंटीवर.

त्या दिवशी खुंटीवर टेंबे काकूंचं नाव होतं. निवृत्त गणिताच्या बाई, एकट्या राहायच्या. अकरा घरांत कुणाला कांदा चालत नाही, कुणाची पोळी बिनतुपाची — सगळं तोंडपाठ.

चार वाजता बाहेरगावची मोठी मंडळी इमारत बघायला येणार होती. मला काही सुचेना. तीनला गुपचूप खाली गेलो, कॉफीसाठी दुधाचं पातेलं चढवलं. नियम माझा, मोडलाही मीच. तेवढ्यात फोन आला. बोलत बोलत वर गेलो. आणि दूध? साफ विसरलो.

चारला पाहुण्यांच्या चहासाठी आम्ही सगळे खाली जमलो. दूध उतू जाऊन आच विझलेली, गॅस चालूच. पहिल्या मजल्यावरच्या जयाच्या हातात लाइटर — ‘रुक, रुक! वास येऊन राहिलाय ना गॅसचा!’ कुणीतरी ओरडलं म्हणून वाचलो.

मग सगळ्यांच्या नजरा खुंटीकडे गेल्या.

काकू पातेल्याकडे बघत राहिल्या. ‘मी तर बंद केला होता... केला होता ना रे, श्रीधर?’

मला विचारलं. मलाच का? मी जवळ उभा होतो म्हणून? की माझ्यावर विश्वास होता म्हणून?

गप्प राहिलो असतो तर निदान भित्रा म्हणवून घेता आलं असतं. मी गप्प राहिलो नाही. ‘जाऊ द्या काकू,’ म्हणालो, ‘वय झालं की होतं असं.’ दारात पाहुणे आले होते.

पुढच्या बैठकीत त्यांची पाळी बंद झाली. नावाची पट्टी मीच काढली, वर ‘आता आराम करा’ असंही म्हणालो. त्यानंतर त्या मीठ घातलं का, कुलूप लावलं का, हे पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. तळहातावर पेननं लिहून ठेवू लागल्या. ज्यांच्यासमोर पाढा चुकायची सोय नव्हती, त्या! वर्षभरात मुलानं त्यांना आपल्याकडे महूला नेलं.

मागच्या रविवारी भेटायला गेलो. सांगायचंच, असं ठरवून. शेव नेली होती. काकू घरात एकट्याच होत्या, मला बघून हरखल्या.

‘सूनबाई येईलच, मग चहा घे हं. मी नाही हात लावत गॅसला. तुझ्यासमोरच तर झालं होतं ना ते.’

‘हो,’ म्हणालो.

सूनबाई आल्या. मी चहा प्यालो आणि निघालो.