बारवेची शेवटची पायरी

आमच्या औंढ्याजवळच्या गावात पाहुणा आला की बारव दाखवायला आमचा पंक्चरवालाच पुढे व्हायचा. त्याचं दुकान बारवेसमोरच आहे. हातातलं काम टाकून तो उठायचा आणि दगडावर कोरलेल्या हत्तींवरून हात फिरवत म्हणायचा, "बराबर पाहा. एकासारखा दुसरा न्हाई." मग टेकडीवरचे मोर, तळ्यातली कमळं. गावाचं कौतुक करताना त्याला थांबवावं लागायचं.

मागच्या उन्हाळ्यात नळ आटले. घागर भरायला बारवेत उतरलेली त्याची बायको शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि बुडाली.

आता तो तिकडे फिरकणार नाही, असं मला वाटलं होतं. पण दिवाळीत माझ्याकडे पुण्याचे पाहुणे आले, तेव्हा तो आपणहून उठला. या वेळी हत्तींपाशी थांबला नाही. सगळ्यांच्या आधी खाली उतरला आणि पाण्याकडे पाठ करून, हात पसरून शेवटच्या पायरीवर उभा राहिला.

"काका, फोटोतून जरा बाजूला व्हा ना," माझी भाची म्हणाली.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "मी हितंच हाय. तुमी तिथूनच काढा."

सगळे वर पोचेपर्यंत त्यानं हात खाली घेतले नाहीत.