हिरणीची मान

आमच्या मामंजींची गाडी थांबताना मान खाली घालत नसे. ब्रेक दाबला की इतर मोटारी नाक खाली करतात आणि मग सावकाश वर येतात, तसं हिरणीचं नव्हतं. ती ताठ यायची आणि ताठ उभी राहायची. आत बसलेल्यांचे दात मात्र एकमेकांवर आपटायचे. पण तक्रार करायची सोय नव्हती, कारण मामंजींच्या मते त्यात दोष दातांचा होता.

मामंजी म्हणजे माझे सासरे. ग्वाल्हेर संस्थानच्या घोडदळात ते रिसालदार होते आणि नोकरी संपल्यावरही ग्वाल्हेरचा आमचा सगळा लष्कर भाग त्यांना रिसालदारसाहेबच म्हणायचं. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला त्याच सुमाराला मी पुण्याहून लग्न होऊन त्या घरात गेले. पहिल्या सकाळी मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, चहा घेऊन घ्या, थंडा होऊन जाईल." मी पदराआड हसू दाबलं. हे कुठलं मराठी, असं मला वाटलं. वर्षभरात मीच तसं बोलायला लागले आणि माहेरी गेल्यावर सगळे मला हसायला लागले.

घोडदळ मोडलं, घोडे गेले. त्यांची स्वतःची घोडी, हिरणी, तीही गेली. नव्या सरकारी कचेरीत त्यांना देखरेखीची नोकरी देऊ केली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांना उठून सलाम करायचा, एवढंच काम. मामंजींनी ती नाकारली. "विलीन झालं ते संस्थान, सूनबाई. मी नाही," असं ते मिशीला हात न लावता म्हणाले. मिशीवर ताव मारणारे बोलघेवडे त्यांना आवडत नसत.

मग एका सरदारांनी आपल्या मोटारी काढून टाकल्या, त्यातली एक जुनी विलायती गाडी मामंजींनी घेतली. बाटलीसारखा हिरवा रंग, लांबलचक नाक. तिचं नाव त्यांनी हिरणी ठेवलं. चालवायला बसले की पाठ सीटला टेकायची नाही. बसायचे ते खोगिरावर बसल्यासारखे. पहिल्याच दिवशी ते तोंड वाकडं करून परत आले. म्हणाले, "वळणावर झुकते. पुढचे पाय कच्चे आहेत. पुढचे पाय डगमगले की स्वार गेला."

गाडीचे पुढचे पाय म्हणजे तिच्या कमानी. पोलादाच्या लांब वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात आणि त्यांच्यावर गाडीचं ओझं तोललेलं असतं. पट्ट्या जितक्या जास्त, तितकी कमान कडक. शिंदेंच्या छावणीपलीकडे नन्हे उस्तादांचं मोटारीचं वर्कशॉप होतं. नाव नन्हे, पण माणूस दारातून आडवा होऊन आत जायचा आणि त्यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू यायचा. दोघांनी मिळून पुढच्या कमानींत जादा पट्ट्या घातल्या. त्यानंतर हिरणी मामंजींच्या हाताशी जी बोलायला लागली, ती काही विचारू नका. महाराज बाड्याच्या चौकाला ते वेग न उतरवता वळसा घालायचे. गाडी तसूभर कलायची नाही. संध्याकाळी पेढीवरून परतणारे लोक ते बघायला थांबायचे. त्यांच्याबरोबरीचे किती तरी स्वार कुणाच्या ना कुणाच्या दारात उभे राहून सलाम ठोकत होते. आमचे मामंजी बाड्याला वळसा घालत होते. खोटं कशाला सांगू, मलाही ते बघून छाती फुगल्यासारखं व्हायचं.

या सगळ्या थाटात एकच माणूस सामील नव्हतं. सासूबाई. टांग्याचा घोडा बुजून त्या फार पूर्वी पडल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांची कंबर गेली होती. घरात त्या हळूहळू वावरत, स्वयंपाकघरावर बसल्या जागेवरून राज्य करत. पण एक धक्का बसला तरी त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायचं. हिरणीत त्या एकदाच बसल्या. फाटकाबाहेरच्या खड्ड्यातच त्यांनी "थांबवा!" म्हटलं, उतरल्या, आणि भिंतीला धरत परत आल्या. "तुमची हिरणी तुम्हालाच लखलाभ," म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी उंबरठा ओलांडला नाही.

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण राज्यांची पुनर्रचना आली, मध्य भारत गेला, राजधानी भोपाळला ठरली आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्याच्या कचेऱ्या बांधाबांध करू लागल्या. सासूबाईंच्या थोरल्या बहीण, आक्का, शहराच्याच दुसऱ्या टोकाला मुरारला मुलाकडे राहायच्या. मुलाची कचेरी भोपाळला निघाली. आक्का अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना आगगाडीतून झोपवून नेणार होते, आणि एकदा नेल्यावर परत आणणं शक्यच नव्हतं. लष्करहून मुरार ते केवढं! पण दोघी बहिणींना एकमेकींचं तोंड बघून जमाना झाला होता. एकीला चालता येत नाही, दुसरीला गाडीत बसता येत नाही.

माझ्या नवऱ्याने सुचवलं, आईला खाटेवर झोपवून चार माणसांकडून नेऊ. सासूबाई कडाडल्या, "जिवंत आहे तोवर चौघांच्या खांद्यावर जाणार नाही मी!" त्या घरात ताठ मान काही एकाच माणसाची नव्हती.

त्या रात्री जेवणं झाली. हात धुऊन मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, "बाईसाहेब, मी नेतो तुम्हाला मुरारला. धक्का लागू देणार नाही."

"तुमच्या बोलण्यावर एकदा बसले होते," सासूबाई म्हणाल्या. मग थोडा विचार करून पुढे बोलल्या, "असं करा. उद्या मी दुधाला विरजण लावून देते. ते पातेलं गाडीत ठेवून मुरारपर्यंत हिंडवून आणा. दही लागलं तर मी बसेन."

आता विरजण लावलेलं दूध हलवायचं नाही, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. मामंजींना माहीत नव्हतं. "इतकंच ना?" म्हणून ते हसत झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी पातेलं सांभाळायला मागे बसले. फाटकाबाहेरच्या खड्ड्यातच अर्धं दूध माझ्या लुगड्यावर आलं. उरलेलं मुरारच्या पुलापर्यंत संपलं. मामंजींनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "खोगीर कडक आहे." घोडदळातल्या माणसाचीच ही चूक. बुडाला लागलं की खोगीर बदलायचं, घोड्याचे पाय कोण बदलतो! टोपी बाजारातून नवा कापूस आणून त्यांनी सीटवर जाड गादी करून घेतली. परिणाम इतकाच झाला की पुढच्या खेपेला दूध सांडलं ते गादीने पिऊन टाकलं आणि आठवडाभर गाडीला आंबूस वास येत राहिला. सासूबाई रोज सकाळी पातेलं तयार ठेवायच्या. तिकडे मुरारला आक्कांच्या घरच्या ट्रंका भरल्या जात होत्या.

शेवटी मामंजी नन्हे उस्तादांकडे गेले. मीही बरोबर होते, कारण पातेल्याचा सगळा अनुभव माझ्याकडे होता.

"उस्ताद, ताबा पण पाहिजे आणि आराम पण पाहिजे."

"साहब, दोनों हाथों में लड्डू चाहिए आपको!" उस्ताद गरजले. "पट्टियाँ रहेंगी तो आपका राज, निकलेंगी तो बाईसाहब का। बोलिए, किसका राज चाहिए?"

मामंजी गाडीच्या नाकाशी उभे राहिले. घोडी गेली, पथक गेलं, बिल्ला गेला, तेव्हा मी नवी होते. लोक सांगत की रिसालदारसाहेबांनी हूं की चूं केलं नाही. आता मला कळलं की ते सगळं त्यांनी या गाडीच्या ताठ कमानींत नेऊन ठेवलं होतं. बाड्याच्या वळणावर ती न कलणारी गाडी म्हणजे ते स्वतः होते. आणि ते आता सोडायचं होतं, तेही कुणाच्या हुकमाने नाही.

"काढा," ते म्हणाले. मग कोट काढून खिळ्याला अडकवला आणि म्हणाले, "नको, थांबा. मीच काढतो."

गाडीखाली शिरून त्यांनी आपल्या हाताने जादा पट्ट्या उतरवल्या. उस्तादांनी त्या पुसून, तेल लावून गोणपाटात गुंडाळून ठेवल्या.

एवढं करूनही दही लागलं नाही. धक्के गेले, पण गाडी होडीसारखी डुलायला लागली. एका खड्ड्यातून गेलं की पुढे किती तरी वेळ डोलायची, आणि पातेल्यातलं दूध तिच्याबरोबर. माझं डोकं गरगरायला लागलं. यावेळी मात्र मामंजींनी खोगिराचं नाव काढलं नाही. उतरले, गाडीचं नाक दोन्ही हातांनी दाबलं, सोडलं, आणि ते किती वेळ डुलतं ते बघत बसले. मग वर्कशॉपला जाऊन म्हणाले, "उस्ताद, हिला लगाम नाही. उसळी मारते ती मारते, पण खाली उतरताना धरायला कोणी नाही." उस्तादांनी कपाळावर हात मारला. कमानींच्या शेजारी तेलावर चालणारे दोन शॉकर असतात, त्यांचं कामच डुलणारी गाडी आवरायचं. ते कधीचे गळून कोरडे पडले होते, आणि कमानी इतक्या कडक होत्या की कुणाला त्यांची आठवणच आली नव्हती. दोघांनी ते खोलले, नव्या चामडी चकत्या बसवल्या, दाट तेल भरलं. दुपारभर दोघे भांडत होते. उस्ताद म्हणत तेल पुरे, मामंजी म्हणत अजून थोडं. शेवटी दोघांनी दोन्ही बाजूंनी नाक दाबून सोडलं. ते एकदाच वर आलं आणि थांबलं.

पुढच्या सकाळी आम्ही पातेलं घेऊन मुरारला गेलो, आलो, पुन्हा गेलो, पुन्हा आलो. उन्हाळ्याचे दिवस, दही लागायला वेळ लागत नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी झाकण काढलं, पातेलं तिरकं केलं. दही हललं नाही. त्यांनी झाकण परत ठेवलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "सूनबाई, माझं जांभळं लुगडं काढा."

मुरारला जाताना मामंजींनी जी गाडी चालवली, तशी चालवलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. कॉलेजची दोन पोरं ओरडली, "दादाजी, धक्का लगाएँ क्या?" ज्या माणसाने बाड्याला वेग उतरवला नव्हता, त्याने मानसुद्धा वळवली नाही. पुलाच्या अलीकडे रस्ता खराब होता. तिथे ते उतरले, चालत जाऊन खड्डे बघून आले, आणि मग गाडी मुंगीच्या चालीने त्यांच्यामधून काढली. त्यांची नजर सारखी आरशात होती, सासूबाईंच्या चेहऱ्यावर.

"कशी चालते आज?" त्यांनी न राहवून विचारलं.

"बोलू नका. समोर बघा," सासूबाई म्हणाल्या. पण त्या हसत होत्या.

आक्कांच्या खोलीत अर्धं सामान बांधून झालं होतं. सासूबाई त्यांच्या खाटेला टेकल्या. दोघी बराच वेळ नुसत्या एकमेकींचे हात चाचपत राहिल्या. मग सासूबाईंनी बरोबर आणलेलं तेच दही चमच्याने त्यांना भरवलं. आक्कांची जीभ जड झाली होती, शब्द नीट उमटत नव्हते, पण एवढं कळलं: "गोड लागलंय गं." मामंजी दारात उभे होते. मला आजही वाटतं, त्या माणसाने आयुष्यात कुठलं मैदान मारलं असेल तर ते हे. आक्का त्या आठवड्यात भोपाळला गेल्या. बहिणी पुन्हा भेटल्या नाहीत.

हिरणीची मान मात्र गेली ती गेली. आता ब्रेक दाबला की तिचं नाक खाली जायचं आणि सावकाश वर यायचं. वळणावर ती कलायची, म्हणून बाड्याला मामंजी वेग उतरवायला लागले. बघ्यांची गर्दी ओसरली. एकदा भर बाजारात नन्हे उस्तादांनी टोमणा मारला, "रिसालदारसाहब, आपकी हिरनी तो अब सबको सलाम ठोकने लगी!"

"सलाम नाही उस्ताद, मुजरा," मामंजी म्हणाले. "आणि सबको नाही. मी जिथे थांबवीन, तिथेच करते."

त्यानंतर सासूबाई गाडीतून बाहेर पडायला लागल्या. देवळात, हळदीकुंकवाला, कधी नुसत्याच हवा खायला. फाटकाशी एक दगडी पायरी होती, तिच्यावर उभ्या राहायच्या. मामंजी गाडी नेमकी तिथे आणून लावायचे.

काही वर्षांनी सासूबाई गेल्या. दिवस झाल्यावर नन्हे उस्ताद घरी आले. बरोबर गोणपाटात गुंडाळलेल्या पट्ट्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी तेल लावून जपल्या होत्या, एक डाग नव्हता. त्यांचा तो मोठा आवाज त्या दिवशी पार खाली आला होता. "साहब... अब लगा दूँ?"

मामंजींनी एक पट्टी हातात घेतली, अंगठ्याने तिची धार चाचपली आणि परत गोणपाटात ठेवली.

"राहू द्या उस्ताद. सवय होऊन गेली तिला."

त्यानंतर मामंजी संध्याकाळी एकटेच फिरून यायचे. मी ओट्यावरून बघायची. गाडी फाटकातून आत यायची आणि त्याच दगडी पायरीशी थांबायची. हिरणीचं नाक हळूच खाली जायचं. ते पुरतं वर येईपर्यंत मामंजी इंजिन बंद करत नसत.