प्लास्टरवाल्याचं शिफारसपत्र

शारजात डॉक्टरसाहेबांच्या व्हिलात गणपतीची आरती झाली आणि साहेबांनी खिशातून एक फॅक्स काढला.

"ऐका, आमच्या प्लास्टरवाल्यानं शिफारसपत्र लिहिलंय. डायरेक्ट अमेरिकेला."

प्लास्टरवाला म्हणजे माझे बाबा. साहेबांच्या क्लिनिकमध्ये मोडलेली हाडं बसवायचे. कागदावर सही मात्र साहेबांची. आत्ता बाबा मोदकांची परात धरून उभे होते.

साहेब वाचू लागले. "माय सन इज नॉट अफ्रेड ऑफ पस. ही डज नॉट रन व्हेन पेशंट शाऊट्स."

पुवाला न घाबरणारा मुलगा! हॉल हसला. सगळ्यात आधी मी हसलो. सूड उगवायचा तर सुरुवात स्वतःपासून करावी, म्हणून हे लिहितोय.

गाढवपणाही माझाच. नव्वदीची अखेर होती. स्कॉलरशिपवर अमेरिकेत बीएस्सी करून मी सुट्टीत शारजाशेजारच्या अजमानला, घरी आलो होतो. डॉक्टर व्हायचे दोन रस्ते दिसत होते. एक कॅरिबियन बेटावरचं कॉलेज, तिथं एम.डी. मिळते. दुसरं अमेरिकेतलंच ऑस्टिओपॅथिक कॉलेज. तिथंही पूर्ण डॉक्टरकीच, वर हातांनी हाडं-स्नायू तपासण्याचं शिक्षण. पदवी डी.ओ. मला ते हवं होतं. अट एकच, एका ऑस्टिओपॅथिक डॉक्टरचं पत्र. अख्ख्या शारजा-अजमानात तसा एकही सापडेना. मग माझ्या सुपीक डोक्यात आलं, हातांनी हाडं बसवणारा माणूस तर घरातच आहे. बाबांनी त्यांच्या इंग्रजीत सांगितलं, मी शब्दशः लिहिलं आणि क्लिनिकच्या लेटरहेडवर छापलं. कॉलेजनं ते नाकारलं आणि पत्रासकट उत्तर क्लिनिकच्या फॅक्सवर पाठवलं.

"बेटा, हाडवैद्य कशाला होतोस?" साहेब म्हणाले. "आमचा पोरगा निखिल बेटावर चाललाय. तुलाही शिफारस देतो. नंतर पाच वर्षं माझ्या क्लिनिकमध्ये. काय रे, मुलगा बापाच्या वर जायला नको?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबा हळूच मला म्हणाले, "खरंच लिवलंय ना मी?"

तेव्हा माझं हसू मेलं.

समोर एक काका डाव्या हातानं मोदक खात होते. उजवा प्लास्टरमध्ये. तेही हसत होते.

"काका, मनगट कोणी बसवलं तुमचं?"

काकांनी बाबांच्या हातातल्या परातीकडे पाहिलं. मग मोदकाकडे.

"बाबांनी. साहेब तेव्हा फोनवर होते," मी म्हणालो. "सर, तुमची शिफारस नको. बाबांचं पत्र द्या इकडे."

"यल्ला, चल, घे रे," साहेब म्हणाले. कागद हातात दिला नाही. जमिनीवर टाकला.

मी वाकून उचलला. महिन्याभरात साहेबांनी बाबांचा व्हिसा कॅन्सल केला. खलास. अकरा वर्षांची नोकरी, दोन बॅगा, गावाकडे.

मी अमेरिकेत परतलो. एका ऑस्टिओपॅथिक डॉक्टरच्या दवाखान्यात उन्हाळाभर फरशी पुसली, पेशंट धरले, ओरडणाऱ्यांपासून पळालो नाही. त्यांचं पत्र मिळालं. आज नावापुढे डी.ओ. आहे.

बाबांचं पत्र लॅमिनेट करून टेबलाच्या खणात ठेवलंय. साहेब आता सत्तरीचे. निखिलकडे अमेरिकेत येऊन-जाऊन असतात, माझ्यापासून तासाभरावर. हाडं कुणालाच सोडत नाहीत. कधीतरी येतील. त्यांचं हाड मी नीट बसवीन, केसभरही वाकडं नाही, बाबांनी बसवलं असतं तसं.

पण आधी साहेबांनी वेटिंग रूममध्ये उभं राहून ते पत्र वाचायचं. मोठ्यानं. शेवटच्या ओळीपर्यंत.