शालीचा रंग

भिंतीवरच्या बाईच्या गालांवर लाली आली होती.

कवळीवाले संग्रहालयातल्या दालनाच्या दारातच थबकले. रंगांची पेटी खाली ठेवायचंही त्यांना सुचेना. दोन वर्षं जिच्यासमोर बसून ते जुन्या उस्तादाच्या चित्राची नक्कल करत होते, ती बाई महिनाभर दुरुस्तीला जाऊन आज परत टांगली गेली होती. तिची तपकिरी शाल निळीशार झाली होती. पाठीमागे आजवर जिथे गूढ अंधार होता, तिथे चक्क खिडकी होती.

कवळीवाल्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे दात बनवले. शेजारच्या दातावरचा चहाचा डाग नव्या दातावर जसाच्या तसा उतरवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्तीनंतर ते तैलचित्र शिकायला लागले ते एकाच हट्टापायी: बायकोचं चित्र काढायचं. लग्नापासून आजवर एकाही फोटोत तिचे डोळे उघडे आले नव्हते.

पण शिकवणाऱ्या मास्तरांचा नियम कडक. नक्कल अस्सलशेजारी ठेवायची. मास्तरांना फरक दिसला नाही, तरच जिवंत माणसाला हात लावायचा.

"तोवर मला जिवंत कोणी ठेवायचं, तेही विचारून या," बायको म्हणायची.

आज ती परीक्षा होती. म्हणून मास्तर आले होते, बायकोही आली होती. दोघं कवळीवाल्यांच्या मागे उभी होती.

"आंघोळ घातली हो बिचारीला," बायको म्हणाली.

दुरुस्ती करणारी मुलगी शिडीवरून उतरली. "जुनं व्हार्निश पिवळं पडलं होतं, काका. वर धूर, धूळ. सगळं कापसाने काढलं."

"म्हणजे दोन वर्षं मी मळ रंगवला?"

मुलीने समोरच्या ईझलवरची नक्कल निरखून पाहिली. "अगदी हुबेहूब," ती म्हणाली. टोमणा नव्हता, हीच पंचाईत.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "या बाईच्या दुःखावर मी आयुष्यभर व्याख्यानं दिली."

"दुःख कसलं? हसतेय की ती!" बायको म्हणाली.

खरंच हसत होती. ओठाचा एक कोपरा वर गेलेला, लपवायचा प्रयत्न नाही. मास्तर बाकावर मटकन बसले.

"मास्तर, माझं काय?" कवळीवाल्यांनी विचारलं. "पास की नापास?"

"फरक तर आंधळ्यालाही दिसेल."

"मग पुन्हा सुरुवात करू?"

"कोण शिकवणार? मला तरी कुठे येतं?"

बायकोने कवळीवाल्यांचं स्टूल ओढून उजेडात ठेवलं आणि त्यावर बसली. "काढा."

"अगं, मास्तरांनी अजून परवानगी…"

"मास्तर बसलेत ना इथेच? बघू दे त्यांनाही."

तिच्या अंगात रोजचाच निळा स्वेटर होता. दोन वर्षं कवळीवाले त्याला कुठला तपकिरी लागेल, याचा हिशेब करत होते. त्यांनी पेटी उघडली. निळी ट्यूब कधी उघडलीच नव्हती. झाकण घट्ट बसलेलं. खिशातून त्यांनी कवळीची तार वाकवायची पक्कड काढली. मास्तर उठले आणि मुकाट्याने ट्यूब धरून उभे राहिले.

"डोळे मिटू नकोस," जोर लावता लावता कवळीवाले म्हणाले.

"उघडेच आहेत," बायको म्हणाली. "तुम्ही बघा म्हणजे झालं."