मोठ्या बाईच्या निंबापर्यंतची तार

लग्न होऊन मी पवनीजवळच्या आमच्या गावात आले, तेव्हा सासरच्या घरी ओले कपडे वाळत घालायला धड जागा नव्हती. अंगणाचा अर्धा भाग गोठ्यानं घेतलेला, उरलेल्यात धानाच्या तणसाचा ढीग. मी लुगडी कमरेइतक्या मातीच्या भिंतीवर टाकायची आणि काढायला गेले की त्यांना तांबडे डाग पडलेले असायचे. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं अंगण होतं. मोकळं, सारवलेलं, मधोमध मोठा निंब.

त्या घरची बाई माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. तिचा नवरा आमच्या नात्यातला नव्हता, पण माझ्या नवऱ्यापेक्षा वयानं मोठा, म्हणून गावाच्या नात्यानं ती माझी थोरली जाऊ झाली. सगळ्यांनी मला सांगितलं, हिला मोठी बाई म्हणायचं. ती मला लहानी म्हणायची. पुढे सगळं गावच मला लहानी म्हणायला लागलं.

माझी डाग पडलेली लुगडी बघून तीच एक दिवस भिंतीशी आली.

"काहून वो लहानी, धुतलेले कपडे परत मातीत घालतं? तुह्या घरी तार नाही का?"

तार होती. नवऱ्यानं कुंपणातून उरलेला एक तुकडा आणून गोठ्याच्या खांबाला गुंडाळून ठेवला होता, पण तो भिंतीच्या हातभर अलीकडेच संपत होता. मोठ्या बाईकडेही एक तुकडा होता, तोही अपुरा. तिनं दोन्ही मागून घेतले, माझ्या नवऱ्याला आणि आपल्या नवऱ्याला कामाला लावलं, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या गोठ्याच्या खांबापासून तिच्या निंबापर्यंत एकच लांब तार झाली. मधे, भिंतीच्या माझ्या बाजूला, पिळा मारलेली गाठ. गाठीची टोकं सुरीसारखी बाहेर आली होती.

"याले चिंधी गुंडाळजो," ती म्हणाली. "नाहीतर कोनाचं तरी लुगडं फाटन."

मी हो म्हटलं आणि विसरले.

फाटली ती तिचीच साडी. तिच्या भावानं भाऊबीजेला नागपूरहून आणलेली, अंजिरी रंगाची, एकदाच नेसलेली. तिच्या बाजूचं ऊन सरकलं म्हणून तिनं ती माझ्याकडे ढकलली होती. वारा आला, पदर गाठीत अडकला, आणि मी धावत जाऊन घाईनं ओढला. हातभर चीर गेली.

मोठी बाई भिंतीशी आली. साडी हातात घेतली, चीर बोटांनी मोजली.

"तुले सांगतलं होतं का नाही?"

ती आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं आपले कपडे तारेवर टाकणं बंद केलं. मागच्या मेहंदीच्या झुडपांवर टाकायला लागली. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तेव्हा मला कळलं की त्या गावात दिवसभरात मी तिच्याशिवाय कोणाशीच बोलत नव्हते. नवरा पहाटे धानाच्या बांधीवर जायचा. सासू चांगली होती, पण शब्द जपून वापरणारी. आठ दिवस मी स्वतःचा आवाजच ऐकला नाही म्हटलं तरी चालेल.

पुढच्या बाजाराला सासूचं औषध आणायला पवनीला गेले, तेव्हा एका लोखंडी सामानाच्या दुकानात शिरले. दुकानदाराला म्हटलं, कपड्यांची तार जोडायची आहे, पण गाठ नको, टोक टोचायला नको.

त्यानं एका डब्यात हात घातला आणि छोटीशी वस्तू माझ्या तळहातावर ठेवली. वाकवलेली सळई, दोन्ही टोकांना आटे, त्यात अडकवलेली खोबणीची एक पट्टी आणि वर दोन नट. "क्लॅम्प आहे. बोरमधी मोटार सोडते, तिच्या दोरीले लावतो हा. दोन्ही तारा बाजूबाजूनं यात टाकायच्या आन् नट कसायचे. गाठ कायले पायजे?"

मी एक मागितला. तो म्हणाला, "एकानं नाही होत बाई. वजन पडलं का सरकते. दोन लावा, वीतभर अंतरावर."

मी दोन घेतले. नवऱ्याच्या सायकलच्या पिशवीतून पाना काढला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुलावर चढले. गाठ सोडवायलाच अर्धा तास गेला. मग लक्षात आलं की हे काम एकट्यानं होण्यासारखं नाही. एका हातात एक तार, दुसऱ्या हातात दुसरी, दोन्ही ताणून धरायच्या, मग पाना कोणी फिरवायचा? मी तार दातात धरून पाहिली. ओठ कापला. पाना खाली पडला. पुन्हा चढले, पुन्हा पडला.

मोठी बाई आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्याकडे बघत नव्हते, पण सुपाचा आवाज थांबल्याचं ऐकलं. थोड्या वेळानं ती भिंत ओलांडून आली. भिंतीला फाटक नव्हतं, तिनं सरळ लुगडं वर खोचलं आणि पाय टाकला.

"दे इकडे. तुह्यानं नाही होत ते."

तिनं दोन्ही तारा ओढून धरल्या. तिच्या हातात खूप जोर होता, रोवण्याच्या दिवसांत ती गड्यांच्या बरोबरीनं पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या उचलायची. मी नट कसले. पहिला क्लॅम्प, मग वीतभरावर दुसरा. तिनं तारेला लोंबकळून बघितलं. तार हलली, पण सरकली नाही.

"ओठातून रक्त येऊन रायलं तुह्या," ती म्हणाली आणि पदराच्या टोकानं पुसलं. मी रडायला लागले. ती म्हणाली, "लुगड्यासाठी रडतं का? येडी हायेस. भाऊ दुसरं आनन. माह्या भावाले काही काम नाही."

त्या फाटलेल्या साडीची तिनं गोधडी शिवली. माझी मुलगी झाली तेव्हा बाराव्या दिवशी ती तीच गोधडी घेऊन आली.

त्या तारेखाली आमची वीस-बावीस वर्षं गेली. अकराच्या सुमाराला दोघींची धुणी व्हायची आणि आम्ही आपापल्या बाजूनं कपडे टाकत मधे यायचो, त्या दोन क्लॅम्पपाशी. तिथंच सगळं बोलणं. कोणाच्या बांधीत पाणी चढलं, कोणाची गाय व्याली, तिच्या मुलाची बारावी, माझ्या मुलीचा ताप. आभाळ भरून आलं आणि मी घरी नसले तर ती माझे कपडेही काढायची, घड्या घालून भिंतीवर ठेवायची. माझ्या नवऱ्याच्या सदऱ्याची घडी ती जशी घालायची तशी मला अजून जमत नाही. सासू पडली आणि सहा महिने अंथरुणावर होती, तेव्हा रोज चार-चार चादरी धुवाव्या लागत. त्यातल्या दोन मोठी बाई मला न विचारता घेऊन जायची. मी नको म्हटलं तर म्हणायची, "चूप बस. तुही सासू, मंग माही कोन लागते?"

मग गावावर धरणाचं पाणी येणार हे ठरलं. बोलणं खूप वर्षं चाललं होतं, इतकी की आम्ही त्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं. एके वर्षी घरांवर रंगानं आकडे टाकले गेले, आणि पुढच्या वर्षी लोक छपरांवरचे कवेलू उतरवायला लागले. सगळे एकाच ठिकाणी जाणार नव्हते. काही नव्या गावठाणात गेले. माझ्या नवऱ्यानं भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेच्या बाजूला दोन खोल्या बांधायचं ठरवलं, तिथं त्याला कामही मिळत होतं. मोठ्या बाईच्या नवऱ्याची बहीण नाकाडोंगरीला दिलेली. तिच्या शेजारी त्यांना जमीन मिळाली. आम्ही जिल्ह्याच्या एका भागात, ती पार वरच्या टोकाला, जंगलाला लागून.

आमचा ट्रॅक्टर तिच्या आधी एक दिवस निघणार होता. सामान चढवून झालं तेव्हा नवऱ्याला तार दिसली. तो पकड घेऊन आला. मोठी बाई ओरडली, "कापू नोको, भाऊ! खोलून घेऊ."

पण नट गंजले होते, पाना लागेना. तिनं घरातून जवसाच्या तेलाची वाटी आणली, तेल सगळं नटांवर सोडलं आणि म्हणाली, "आता भिजू दे." ट्रॅक्टरवाला घाई करत होता. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आम्ही दोघी स्टूल आडवं करून त्यावर बसलो. तासभर तरी बसलो असू. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. ती म्हणाली की तिथं धान कमी होतो म्हणतात, मोह खूप आहे. मी म्हटलं, शहापूरला नळ आहे. ती म्हणाली, "मंग तर तुही मजा हाये."

नट सुटले. तिनं तारा धरल्या, मी पाना फिरवला. आपापली तार आम्ही गुंडाळून घेतली. क्लॅम्प दोन होते, एक तिनं माझ्या हातात दिला, एक आपल्या कनवटीला लावला.

"येजो," ती म्हणाली.

"तूच येजो," मी म्हटलं. ट्रॅक्टर निघाला.

शहापूरला आमच्या घराला गच्ची आहे. मी तिथं जुन्या तारेला नवी तार जोडली, एकाच क्लॅम्पनं. दुकानदार बरोबर बोलला होता. पहिल्याच थंडीत ओली रजई टाकली आणि तार सरकून सगळं खाली धुळीत आलं. नवरा म्हणाला, दुसरा आणून देतो. मी म्हटलं, राहू द्या. कितीतरी महिने मी हलके कपडेच तेवढे टाकत होते, रजया कठड्यावर. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. शेवटी त्यानं न विचारता नवा आणून लावला. तो चकचकीत होता. आता तोही काळवंडलाय आणि दोघांतला कोणता कुठला, हे मला जवळ जाऊन पाहावं लागतं.

सुरुवातीला आम्ही फोनवर बोलायचो, दर आठवड्याला. मग ती "काय? काय म्हनतं?" असं जास्त म्हणायला लागली. मला वाटलं जंगलात रेंज नसेल. नंतर तिच्या सुनेनं सांगितलं, आईंना ऐकू येत नाही आता. त्यानंतर फोन सुनेशीच व्हायचा. आई बऱ्या आहेत, जेवल्या, मोह वेचायला गेल्या. मागून मोठ्या बाईचा आवाज यायचा, कोणावर तरी ओरडत असलेला, आणि मी सुनेचं बोलणं सोडून तोच ऐकत राहायची.

मागच्या फाल्गुनात मी गेले. भंडारा, तुमसर, तिथून तिसरी बस. ती दारात मोहाची फुलं वाळत घालत होती. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली. मी हाक मारली, तिला कळलं नाही. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा तिनं वर पाहिलं आणि माझा दंड इतक्या जोरात धरला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं झालं होतं.

चार दिवस राहिले. ती बोलायची, मी हातांनी आणि चेहऱ्यानं उत्तर द्यायची. मला वाटलं होतं अवघड जाईल. तसं झालं नाही, फक्त माझ्या मनात साठलेलं बरंच काही हातांनी सांगता येण्यासारखं नव्हतं, ते तसंच राहिलं.

तिच्या अंगणात नायलॉनची दोरी होती. मी बोटांनी क्लॅम्पचा आकार करून विचारलं, तो कुठे आहे? ती हसली आणि मला घराच्या मागे घेऊन गेली. तिथं बोर होती. तिनं खाली बोट दाखवलं.

"तितं हाये. पोरानं मोटार सोडली तवा एक क्लॅम्प कमी पडला. मी म्हनलं, माह्याजवळ हाये. खाली मोटार धरून हाये तो आता. त्याचंच पानी पेऊन रायली तू."

मग तिनं आपल्या बुडालेल्या गावाचं विचारलं. मी आदल्या उन्हाळ्यात पवनीहून कोळ्याच्या डोंग्यात बसून पाण्यावरून तिथं जाऊन आले होते. "निंब दिसते का वो?" मी हात डोक्याच्या वर नेला, आणखी वर, टाचा उंचावून. पाणी एवढं. निंब नाही, काहीच नाही. ती माझ्या हाताकडे पाहत राहिली.

"म्हनजे आता मासोऱ्याच कपडे वाळवत असन तितं," ती म्हणाली आणि मोह पालथा करायला वळली.

यायला निघाले तेव्हा तिला म्हटलं, माझ्याकडे चल. खुणा तिला नीट कळल्या. तिनं मोहाकडे, नातवंडांकडे, म्हशीकडे हात दाखवला. मीही तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

आता तिची सून महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल लावून देते. मोठी बाई फोन घेते आणि जुन्या सवयीनं सरळ कानाला लावते. मला पडद्यावर फक्त तिचा कान दिसतो, सुरकुतलेली पाळी, लहानशी सोन्याची बाळी, त्यामागे पांढरी बट. सून मागून ओरडते, "आई, समोर धरा, समोर!" तिला ते ऐकू येत नाही. ती मोठ्यानं विचारते, "लहानी, जेवली का वो?"

मी मान हलवते, मग लक्षात येतं की ती मला बघत नाहीये. तरी मी हो म्हणते, मोठ्यानं, आणि सून फोन तिच्या हातातून घेईपर्यंत त्या कानाकडे बघत बसते.