एक थेंब खोबरेल

अप्पांची आणि माझी ओळख आमच्या फाटकाच्या कुरकुरीमुळे झाली. बँकेतली बदली होऊन मी रत्नागिरीला आले आणि आम्ही त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तो एक उंच, किडकिडीत म्हातारे गृहस्थ आमच्या फाटकाशी उकिडवे बसलेले. एका हातात औषधाची जुनी बाटली, दुसऱ्या हातात कोंबडीचं पीस. पिसाने बिजागरीला तेल लावून त्यांनी फाटक मागेपुढे केलं, आवाज येत नाही याची खात्री करून घेतली आणि मग माझ्याकडे बघितलं. "कालपासून ओरडतंय बिचारं. तुम्हाला ऐकू नाही आलं?" एवढं बोलून, नाव-गाव काही न सांगता, ते निघून गेले. मला जरा रागच आला होता.

अप्पा मूळचे हेदवीकडचे. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी स्टोअरकीपर म्हणून सगळी नोकरी काढली. आमच्या आळीतून समुद्र दिसत नाही, पण त्याचा वारा घरात येऊन भांड्याकुंड्यांवर बसतो. त्या खाऱ्या वाऱ्याशी अप्पांचं जुनं वैर होतं. पावसाळा तोंडावर आला की इतर घरांत पापड-लोणच्यांची, लाकूडफाट्याची आगोट भरली जायची, आणि अप्पा बाटली घेऊन बाहेर पडायचे. विळी, कोयती, अडकित्ता, छत्रीच्या काड्या, त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकींचं, शिवणयंत्र, त्यांच्या स्वतःच्या चष्म्याची दांडी, मग शेजाऱ्यांचे कडीकोयंडे. तेल घरच्या नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं. कुणी जास्त ओतायला गेलं तर हात धरायचे. "अगो, न्हाऊ घालत्येस काय त्याला? एक थेंब पुरतो."

मोबाइल त्यांच्या घरात उशिरा आला आणि आल्या आल्या त्यांनी त्याच्या केबलशी भांडण मांडलं. केबल तुटली की ते ती हातात घेऊन माझ्याकडे यायचे, जणू बँकेने बनवली होती. "हे बघ. सगळी दोरी धडधाकट, मान तेवढी मोडल्ये. दर खेपेस मानच मोडते. करणाऱ्याला एवढं कळू नये, की माणूस धरणार तिथेच?" मग त्या मानेभोवती बॉलपेनमधली स्प्रिंग चढवायची, वर मासेमारीच्या जाळ्याचा दोरा गुंडाळायचा. पिन उलटी घातली तर फोनचं तोंड वाकडं होतं, म्हणून तिच्या वरच्या अंगाला लाल ऑइलपेंटचा ठिपका. घरात आलेल्या कुणी फोन चार्जिंगवरून ओढून काढला की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "मान धरून काढ! शेपूट ओढू नको!" आमच्याकडे आलेले पाहुणेही त्यांच्या भीतीने चार्जरला जपून हात लावायचे.

एवढा जीव त्या फोनवर का, ते काकींनी मला सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी नंदू मस्कतला नर्स होती. तिथल्याच एका केरळी सहकाऱ्याशी तिने लग्न केलं, घरी आधी न विचारता. अप्पांनी तेव्हा जाहीर केलं होतं, "तिचं माझं बोलणं संपलं." आणि बोलल्याप्रमाणे वागायचा हट्टीपणा त्यांच्यात भरपूर होता. वर्षानुवर्षं त्यांनी फोन कानाला लावला नाही. मात्र तिचा फोन यायची वेळ झाली की रेडिओ बंद करून ते झोपाळ्यावर येऊन बसायचे, आणि काकी स्पीकर लावायच्या.

हे संभाषण मी कितीतरी वेळा ऐकलंय. अप्पा भिंतीकडे बघत काकींना सांगणार, "विचार तिला, जेवली का." काकींनी विचारायच्या आत नंदूचं उत्तर, "आई, सांग त्यांना, जेवले." मग अप्पा, "तिला म्हणावं, फोन चार्जिंगवर ठेवून बोलू नको. आणि ओढून काढू नको." पलीकडून हसणं. "आई, सांग त्यांना, मान धरून काढत्ये हो." मग अप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं ते बघून मला हसू यायचं आणि राग पण यायचा. "अप्पा, ती सगळं ऐकत्ये. सरळ बोला की," असं मी एकदा म्हणाले. ते म्हणाले, "मी कुठे तिच्याशी बोलतोय? मी हिला सांगतोय."

एकदा पावसाळ्याच्या सुमारास मी गेले तर अप्पा फोन उताणा धरून त्याच्या चार्जिंगच्या भोकात पिसाच्या टोकाने तेल सोडत होते. मी ओरडलेच. "अहो अप्पा, फोनला कुठे तेल घालतात?"

"का? आत धातूच आहे ना? खारं वारं त्याला काय सोडतंय? मागचा फोन आतून हिरवा पडून मेला."

"बिघडेल तो."

"एक थेंब पुरतो गो," ते म्हणाले, आणि तो थेंब जिरेपर्यंत फोन त्यांनी तान्ह्या मुलासारखा मांडीवर धरून ठेवला. खरं तर फोन त्यानंतरही व्यवस्थित चालला.

त्या हिवाळ्यात नंदूच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी संध्याकाळी तिने फोन केला. नेहमीचं बोलून झालं आणि ती म्हणाली, "आई, उद्या आत जायच्या आधी मी फोन करत्ये. बाबांना म्हणावं, उद्या एकदा माझ्याशी बोला. तुझ्यामार्फत नको." काकींनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी पायाने झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "सांग तिला, बोलेन."

तो फोन बंद झाल्यावर ते आमच्याकडे आले. असे कधी येत नसत, काही तुटल्याशिवाय. दारातच उभे राहून विचारलं, "काय गो, आधी काय बोलू? एवढ्या वर्षांनी एकदम बरी आहेस का, असं कसं विचारायचं?"

"नुसतं नंदू म्हणा," मी म्हटलं.

"तेवढं पुरेल?"

"पुरेल अप्पा."

घरी जाऊन त्यांनी फोन पुसला. उद्याचा दिवस महत्त्वाचा, म्हणून चार्जिंगच्या भोकात नेमाने एक थेंब सोडला, लाल ठिपका वर करून पिन लावली आणि फोन देवाच्या फळीवर ठेवून दिला.

जानेवारीतली पहाट होती. रत्नागिरीला थंडी म्हणण्यासारखी नसते, पण न्हाणीघरातल्या बाटलीतलं खोबरेल थिजायला ती पुरते. अप्पांनी लवकर आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, फोन हातात घेतला, तर तो बंद. पिन काढून घातली, उलटसुलट केली, मान धरून वाकवली, दाबून धरली. काहीच नाही. काकी धावत आमच्याकडे आल्या. "बाय, चल लवकर. फोन लागत नाहीय, तिची वेळ झाली गो!"

मी केबल घेऊन गेले. आमच्या फोनची पिन दोन्हीकडून बसणारी, नवी. त्यांच्या फोनचं तोंड जुनं. दोन वेगवेगळी भोकं करायची कुणाला काय गरज पडली होती, हे मला आजही कळत नाही. अप्पांच्या घरातली दोरा गुंडाळलेली दुसरी केबल लावून बघितली, तीही लागेना. नंदूचा नंबर होता तो त्या बंद फोनमध्ये. काकींना पाठ नव्हता, त्या तिच्या फोटोवर बोट ठेवायच्या. शेवटी त्यांच्या ब्लाऊजची सेफ्टी पिन घेऊन मी माझ्या फोनचा कप्पा उघडला आणि त्यांचं सिम त्यात घातलं. फोनने नेटवर्क पकडलं आणि निरोप येऊ लागले. एकामागून एक, सगळे तिचेच. फोन बंद असताना तिने पुन्हापुन्हा लावून बघितलं होतं.

मी तो नंबर लावून फोन अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरला. पलीकडून उचलला गेला आणि अप्पा म्हणाले, "नंदू."

जावई होता. मोडक्या हिंदीत त्याने सांगितलं की तिला आत्ताच आत नेलंय, अगदी दारापर्यंत फोन तिच्या हातातच होता. अप्पांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. ते "बरं, बरं" म्हणत राहिले.

नंदू शुद्धीवर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडून कळलं.

पुढचे दिवस मी लिहीत नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोन माणसं घरात बसलेली असायची आणि चूल कधी पेटायची, कधी नाही.

महिन्याभराने मी अप्पांना घेऊन बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. फोनमध्ये नंदूचे फोटो होते, ते काकींना हवे होते. दुकानदाराने भिंग लावलं, सुई आत घालून फिरवली आणि तपकिरी, चिकट गोळा बाहेर काढला. धूळ, सदऱ्याच्या खिशातले धागे, सगळं एकमेकांना धरून बसलेलं. त्याने तो बोटावर चोळला, वास घेतला आणि हसला. "खोबरेल? अप्पा, ह्याने धूळ धरून ठेवली आणि थंडीत सगळं घट्ट झालं. पिन आत पोचलीच नाही." त्याने नेहमीसारखी पिन घातली आणि फोन सुरू झाला. एवढंच होतं सगळं. मी अप्पांकडे बघू शकले नाही.

रिक्षात ते म्हणाले, "हिला सांगू नको." आणि घर येईपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं सदऱ्याला पुसत राहिले.

काकी दारातच होत्या. "काय निघालं गो?" मी म्हटलं, "केबल खराब होती काकी." मग त्यांनी जे सुरू केलं ते थांबलंच नाही. ऊठसूट, भांडी घासताना, फुलं काढताना, मोठ्याने, "जळो मेली ती केबल! कुणी केली त्याचे हात झडोत! माझ्या पोरीचा शेवटचा शब्द खाल्लान!" पडवीत बसलेल्या अप्पांना प्रत्येक शब्द ऐकू जायचा. ते खाली मान घालून ऐकायचे. एकदा मी जवळ बसले होते तेव्हा म्हणाले, "केबलला काय लागतंय गो? सगळं मला लागतं. पण सांगू कुठल्या तोंडाने?" मी म्हटलं, "सांगून टाका अप्पा, काकी समजून घेतील." ते म्हणाले, "घेईल. म्हणून तर सांगवत नाही."

त्या वर्षी अप्पांनी बाटलीला हात लावला नाही. पावसात विळी गंजली, कड्या फुगल्या, आमचं फाटक पुन्हा ओरडायला लागलं. लोक म्हणाले, अप्पा थकले. फोन मात्र रोज चार्जिंगला लागायचा, नव्या केबलने, तिच्यावरचाही लाल ठिपका वर करून. आता तो कधी बंद पडत नव्हता, आणि त्याच्यावर फोन करणारं कुणी उरलं नव्हतं. माझ्यासमोर एकदा त्यांनी तो उचलून कानाला लावला, जरा वेळ धरला, आणि काही न बोलता खाली ठेवला.

पुढच्या थंडीत अप्पा गेले. आजार असा काही नव्हता. जेवण कमी होत गेलं आणि एका सकाळी ते उठलेच नाहीत.

दिवसकार्य उरकून पाहुणे परत गेल्यावर काकींनी मला हाक मारली. मागच्या दाराची कडी गंजून बसली होती, निघत नव्हती. फळीवर अप्पांची बाटली तशीच होती, पीस वाळून गेलेलं. बाटली उन्हात धरून मी तेल पातळ केलं आणि कडीला लावलं. हळूहळू ती सुटली. काकी उंबऱ्यावर बसल्या होत्या. खोबरेलाचा वास पसरला तशा त्या म्हणाल्या, "असाच वास यायचा गो फोनला."

मी पीस बाटलीत ठेवलं.

"कानाला लावला की यायचा. पिन काढताना बोटांना लागायचं. मला त्या सकाळीच कळलं होतं."

"मग काकी, त्या केबलला एवढं…"

"त्यांना ऐकू जावं म्हणून," त्या म्हणाल्या. "वाटलं, रोज ऐकून ऐकून त्यांना पण तसंच वाटायला लागेल. दोष केबलचा, आपला नाही. दुसरं मी काय करणार होत्ये? मला ठाऊक आहे असं कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी हाय खाल्ली असती. शिव्या देऊन देऊन घसा बसायचा माझा." मग पदराने डोळे पुसत त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू बसायचीस त्यांच्याजवळ. त्यांना बरं वाटायचं ना गो ते ऐकून?"

मी कडी पुढेमागे केली. तिचा आवाज येत नव्हता.

"हो काकी," मी म्हटलं. "फार बरं वाटायचं."